इंग्रजी क्रियापदांची शेपटं

इंग्रजी शिकणारा आपला विद्यार्थी 'एक्स्टिंग्विश'ला भीत नाही. कोश काढतो, अर्थ पाहतो, पाठ करतो. त्याची गाळण उडते ती 'पुट आउट'पाशी. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'आउट' म्हणजे बाहेर. मग दिवा विझला कसा?

ही तक्रार जुनीच आहे. 1755 साली लंडनला डॉ. सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी कोश निघाला. परक्या माणसाला सर्वांत अवघड जातात ती अशी शेपूट लावलेली क्रियापदं, असं त्याने प्रस्तावनेतच म्हटलं आहे. ती त्याने मोठ्या कसोशीने जमवली. एकट्या 'टेक'चे अर्थ 134 भरले!

जुन्या इंग्रजीत ही अव्ययं पुष्कळदा क्रियापदाच्या आधी चिकटत, आपल्या प्रहार-आहार-संहारातल्या उपसर्गांसारखी. 'विथस्टँड' हा त्यांतलाच एक उरलेला शब्द. त्यातला 'विथ' म्हणजे 'सह' नव्हे, 'विरुद्ध'. पुढे ती मागे सरकली. त्यातच 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. एकाच कामाला दोन शब्द झाले: घरात 'गिव्ह अप', दप्तरात 'अबँडन'. आपण इंग्रजी शिकलो ते पुस्तकांतून आणि कचेरीतून. साहजिकच दप्तरी शब्द आपल्या तोंडी बसले आणि घरगुती परके राहिले. 'पुट अप विथ' ही हलकी भाषा, 'टॉलरेट' लिहा, असं सांगणारे शिक्षक आहेत. मला ते मुळीच पटत नाही. त्याने मुलांचं इंग्रजी अर्जासारखं होतं. अर्थात वाक्याअखेरच्या शेपटांचा तिटकारा खुद्द इंग्रजांनाही होताच. कवी ड्रायडनने 1672 मध्ये त्यावरून बेन जॉन्सनला दोष दिला आणि 1684 मध्ये स्वतःच्या निबंधातली तशी वाक्यं बदलून घेतली.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्यांनाही असाच इतिहास असतो. 'स्टेशनरी' हा शब्द अखेरीस 'ए' घालून लिहिला तर स्थिर, 'ई' घालून लिहिला तर कागद-लेखणी. मूळ एकच. मध्ययुगात फेरीवाले पुष्कळ. पुस्तकांचं दुकान एका जागी थाटून बसे तो स्टेशनर, आणि त्याचा माल ती स्टेशनरी. एवढं सांगितलं की मुलं स्पेलिंग सहसा चुकत नाहीत.

आणि मराठी शिकणाऱ्या इंग्रजाची दशा तरी काय वेगळी? 'मी भलतंच बोलून बसलो' असं आपण उभ्या उभ्या म्हणतो, तेव्हा तो बिचारा खुर्ची शोधत असेल.