सैनिकांसाठी पैसे, पण कोणाकडे?

मागच्या महिन्यात टीममध्ये वर्गणी निघाली. सोळा जणांचे मिळून ४२ हजार जमले. माजी सैनिकांसाठी द्यायचे हे एका मिनिटात ठरलं, आणि "कोणाकडे?" म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कारण दोन वर्षांपूर्वी अशीच वर्गणी मी पाठवली होती. संस्थेचं नाव भारदस्त, वेबसाइटवर फडकता तिरंगा, कुणा म्हाताऱ्या फौजीचा फोटो. पैसे गेले, पावती आली नाही. तीन मेल टाकले, मग फोन लागेनासा झाला. पैसे बुडाले की पोचले, मला आजही सांगता येत नाही. जास्त खटकलं ते हे, की पाठवण्याआधी मी एकही प्रश्न विचारला नव्हता. दीड हजाराचा हेडफोन घेताना मी चाळीस रिव्ह्यू वाचतो! पण सैनिकाचं नाव आलं की हिशोब विचारायची लाजच वाटते.

म्हणून या वेळी आख्खा वीकेंड वाचनात घातला. आणि कळलं की ही लाज शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे, आणि तिच्यावर जगणारे लोकही तितकेच जुने आहेत.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जखमी सैनिकांसाठी, विधवांसाठी मदतनिधींचं पेव फुटलं. त्यात खरे होते तसे भामटेही होते. शेवटी १९१६ साली पार्लमेंटने 'वॉर चॅरिटीज ॲक्ट' केला. युद्धनिधी म्हणून लोकांकडे हात पसरायचा असेल तर आधी नोंदणी करा. अटी साध्या होत्या: किमान तीन जबाबदार माणसांची समिती, बैठकांची इतिवृत्तं, तपासलेले हिशोब आणि स्वतंत्र बँक खातं. म्हणजे एकट्या माणसाच्या खिशात पैसा जाता कामा नये. आज कुठल्याही संस्थेला लावायला ही चाळणी अजून चालते.

याच्या पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, मुंबईत एक गोष्ट घडली. गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने युद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी एक शाळा निघाली. त्यांना पोटापाण्याचा हुन्नर शिकवायचा, एवढाच हेतू. तीच पुढे खडकीला आली. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पुण्यात इतकी वर्षं काढून मला हे माहीत नव्हतं.

युद्ध संपल्यावर, १९२१ साली, ब्रिटिश लीजनने ११ नोव्हेंबरला पॉपीची कृत्रिम फुलं विकायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी एक लाखाहून जास्त पौंड जमले. ही फुलं मग साम्राज्यभर विकली जाऊ लागली. पण सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, काही माजी सैनिकांना प्रश्न पडला की फूल आमच्या गावात विकलं जातं, मग बराचसा पैसा ब्रिटनला का जातो? १९३१ साली त्यांनी त्याच दिवशी सुरिया नावाच्या झाडाची पिवळी फुलं विकायला काढली, स्थानिक माजी सैनिकांच्या मदतीसाठी. 'सुरिया मल' चळवळ ती हीच, आणि ती पुढे साम्राज्यविरोधी झाली. मला तिचा पहिला प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हा पैसा नेमका कोणत्या सैनिकाला मिळणार?

स्वतंत्र भारतात ऑगस्ट १९४९ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ठरवलं की ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळायचा. शाळेत टाचणी लावून मिळायचा तो लाल, गडद निळा आणि फिकट निळा कागदी झेंडा आठवतोय? तीन रंग म्हणजे तीन दलं. मी ते दोन रुपये दिले, झेंडा खिशाला लावला आणि डबा पुढे सरकवला. तो डबा कुठे जातो हे सरांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

तर तो जातो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत ध्वजदिन निधीत. आधी असे अनेक निधी वेगवेगळे चालायचे. १९९३ साली संरक्षण मंत्रालयाने ते एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी केला. केंद्रीय सैनिक बोर्ड तो सांभाळतं.

"पण सरकार पेन्शन देतं ना?" हा प्रश्न आमच्या टीममध्येही आला. देतं, पण सगळ्यांना नाही. जवानाला सेवेची पेन्शन मिळायला साधारण १५ वर्षं नोकरी व्हावी लागते. त्याआधी बाहेर पडलेल्यांना ती नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी पाठवलेल्या कितीतरी जणांना नव्हती. असा माणूस म्हातारा झाला, विधवा मागे राहिली, मुलीचं लग्न आलं, की त्या घराला हा निधी लागतो. पाठीच्या कण्याला इजा होऊन कायमचे अधू झालेल्या सैनिकांसाठी खडकीत १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे, मोहालीतही एक आहे. त्यांनाही बोर्डाकडून मदत जाते.

आता कागदपत्रं चोख असली म्हणजे झालं का? इथे अमेरिकेतली एक गोष्ट सांगायलाच हवी. 'यू. एस. नेव्ही व्हेटरन्स असोसिएशन' नावाची संस्था होती. नोंदणी होती, करसवलत होती, आयकर खात्याची तपासणीही पार पडली होती. प्रमुख बॉबी थॉम्प्सन यांचे प्रेसिडेंट बुशसोबत फोटो होते. २०१० साली फ्लोरिडातल्या एका वृत्तपत्राच्या बातमीदारांनी फक्त एक काम केलं. कागदावरचे पदाधिकारी शोधायला निघाले. डझनावारी नावं होती, आणि हाडामांसाचा सापडला एकच, खुद्द थॉम्प्सन! बातमी आली आणि तोही पळाला. २०१२ मध्ये पकडला तेव्हा त्याच्या सुटकेसमध्ये साडेनऊ लाख डॉलरच्या वर रोकड होती आणि खरं नाव जॉन डोनाल्ड कोडी निघालं. लोकांकडून सुमारे दहा कोटी डॉलर गोळा झाले होते. २०१३ साली २८ वर्षांची शिक्षा झाली. १९१६ च्या कायद्याने मागितलेली 'तीन माणसं' इथे कागदावर भरपूर होती, फक्त जिवंत नव्हती.

आपल्याकडचा किस्सा याच्या बरोब्बर उलटा. "रोज एक रुपया द्या, सैन्याला शस्त्रं घेता येतील" हा व्हॉट्सॲप मेसेज तुम्हालाही आला असेल, माझ्या काकांनी तर दोनदा पाठवला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचेनला हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांच्या घरच्यांना मदत करायला लोक पुढे आले आणि युद्धातल्या हानीग्रस्त सैनिकांसाठी निधी उभा राहिला. निधी खरा होता, मेसेजमधला शस्त्रांचा भाग धादांत खोटा. सरकारने २०१६ मध्ये खुलासा केला आणि पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा करावा लागला. तसंच २०१७ चं 'भारत के वीर'. ते गृह मंत्रालयाचं, सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांसाठी. पुलवामातले जवान सीआरपीएफचे होते. लष्करातल्या जवानासाठी द्यायचं असेल तर रस्ता वेगळा.

या सगळ्यातून चार प्रश्न कागदावर लिहिले. खातं कोणाच्या नावावर आहे? हिशोब कोण तपासतं आणि तो बघायला मिळतो का? पैसा नेमक्या कोणत्या सैनिकाला, कशासाठी? आणि कागदावरची माणसं खरंच भेटतात का? करसवलत मी यादीत घेतली नाही. ती थॉम्प्सनलाही होती.

आम्ही अर्धी रक्कम ध्वजदिन निधीला दिली आणि अर्धी खडकीच्या क्वीन मेरीजला. निधीमागे सरकारी यंत्रणा आहे, आणि त्यातून पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचता येतं. खडकीला तर शंका आली तर बसने जाऊन बघता येईल. तुमच्या गावात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असेल, तिथे जा. प्रश्न विचारा. ज्यांना राग येईल त्यांना पैसे देऊ नका, एवढं सोपं आहे.

दोन्ही पावत्या टीमच्या ग्रुपवर टाकल्या. एकाने विचारलं, "मागच्या वेळची कुठेय रे?" नाही म्हणून सांगितलं. पहिल्यांदाच.