पुसलेली राणी आणि चित्रकाराचा हात

चित्रकाराची रेखाटने हाती आली की अभ्यासकाची वाट सोपी होते. पेशवाईतल्या गंगाराम तांबट याने इंग्रज वकील मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. ती आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि त्यांवरून या माणसाने काय पाहिले, कसे पाहिले, हे कळते. त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधीच्या अहमदनगरच्या चित्रकारांचे तसे नाही. त्यांच्या हाताचा माग तयार चित्रांतूनच काढावा लागतो. म्हणून मी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील 'तारीफ-ए-हुसेनशाही' या पोथीकडे वळतो.

आफताबी या कवीचे हे फारसी काव्य पहिल्या हुसेन निजामशाहाची (कारकीर्द १५५३ ते १५६५) स्तुती गाते. जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतागडीला विजयनगरचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी हुसेनशाह वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार राणी खुंजा हुमायूनकडे आला. चांदबिबीची ही आई. पोथी तिच्याच अमदानीतली, असे अभ्यासक मानतात. मूळच्या चौदांपैकी बारा चित्रे आज शिल्लक आहेत.

या चित्रांत नगरचा चित्रकार कसा विचार करीत होता ते दिसते. उंच क्षितिज आणि सोनेरी आकाश त्याने इराणी चित्रांतून घेतले. स्त्रियांच्या चोळ्या आणि गोंडे लावलेल्या लांब वेण्या उत्तरेकडच्या. अंगाभोवती घेतलेली साडी मात्र दक्षिणी. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते. हा दोहदाचा संकेत संस्कृत काव्यातला. तो इथे फारसी पोथीत येऊन बसला आहे. तीन परंपरांची ही जुळणी अजून पुरती मुरलेली नाही आणि सांधे दिसतात, म्हणूनच ती मला मोलाची वाटते. एरवी कच्च्या वहीत सापडावी अशी चाचपणी इथे तयार पानावर आहे.

दुसरी खूण अधिक बोलकी आहे. अनेक चित्रांत राणी सुलतानाच्या शेजारी बसली होती. मुसलमानी दरबाराच्या पोथीत राणीला असे स्थान मिळणे विरळाच. पुढे कोणीतरी तिची आकृती मिटवली. १५६९ मध्ये मुर्तजाने आईला कैद केले, त्याच्याशी याचा संबंध असावा, हा तर्क साहजिक आहे.

लघुचित्रात आधी बारीक रेघेने आराखडा होतो, मग डिंकात कालवलेल्या रंगांचे थर चढतात. वरचा थर बदलता येतो. मांडणी बदलता येत नाही. राणी गेली तरी तिची धूसर बाह्याकृती जाणवते आणि सुलतानाच्या बाजूची जागा रिकामी वाटते. ही चित्रे मुळात दोघांसाठीच आखली होती, हे त्यावरून उघड होते. मिटवणाऱ्याने राणी झाकली, पण चित्रकाराचा पहिला विचार उघडा पाडला.

ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलेली ही पोथी मंडळाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. नगरकरांच्या तोंडी चांदबिबीचे नाव सतत असते. तिच्या आईचे क्वचितच येते. तिने राज्य केले त्या काळाचा हा चित्ररूप पुरावा नगरपासून चार तासांच्या आतल्या अंतरावर आहे. किल्ला पाहणाऱ्याने तोही पाहावा.