गस्त, चौकी आणि फिरता कॅमेरा : परभणी परिसरातील राखणीच्या शब्दांवरून

परभणी, सेलू किंवा मानवत येथील एखादा व्यापारी दुकानाच्या अथवा घराच्या राखणीसाठी कॅमेरा घ्यावयास निघाला, म्हणजे एका जागी खिळलेला कॅमेरा घ्यावा की मान वळविणारा, हा प्रश्न त्याच्यापुढे प्रथम उभा राहतो. विक्रेते तो यंत्राचा प्रश्न म्हणून मांडतात आणि ग्राहकही तसाच समजतो. वस्तुतः प्रश्न यंत्राहून पुष्कळच जुना आहे. राखणदाराने दारात बसावे की फिरत राहावे, त्याने काय पाहावे, आणि पाहिल्याचा जाब त्याने कोणाला द्यावा, याची उत्तरे या प्रदेशाने निरनिराळ्या काळी निरनिराळी दिली आहेत. त्यांच्या खुणा गढ्यांच्या भिंतींत आणि त्याहूनही अधिक स्पष्टपणे रोजच्या बोलण्यातील शब्दांत राहून गेल्या आहेत.

'पहारा' हा शब्द संस्कृत 'प्रहर' शब्दापासून आला. अहोरात्राचे आठ प्रहर. एका प्रहराचा जागता माणूस दुसऱ्या प्रहराला बदलावयाचा. अर्थात पहारा हे मूळचे कालमान होय. राखणीचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. 'चौकी'चे नाते 'चतुष्क' या शब्दाशी आहे. तिच्यात चौकोनी, निश्चित जागेची कल्पना आहे. 'गस्त' मात्र फारसी. 'गश्तन्' म्हणजे वळणे, फिरणे. त्यावरून 'गश्त' आणि मराठीत 'गस्त'. पुढे फिरंगी आणि इंग्रजी लष्करांच्या सहवासाने 'रोंद' आला. पोर्तुगीज 'रोंदा' आणि इंग्रजी 'राउंड' या दोन्ही शब्दांत गोल फिरण्याचाच अर्थ आहे. तात्पर्य, स्थिर राखणीसाठी मराठीने आपले घरचे शब्द वापरले, आणि फिरत्या राखणीसाठी दोनदा परक्या फौजेकडून उसने घेतले. एवढ्यावरून मराठी मुलखात पूर्वी कोणी फिरून राखण करीत नव्हते असे अनुमान काढणे चुकीचे होईल. परंतु फिरती राखण राजसत्तेच्या आणि फौजेच्या भाषेत बोलली जाऊ लागली, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

मराठवाड्यात गावोगाव देशमुख-पाटलांच्या गढ्या पडक्या स्थितीत का होईना, उभ्या आहेत. त्यांच्या बांधणीत ही दोन्ही अंगे दिसतात. तटातील तिरप्या भोकास 'जंगी' म्हणतात. तिच्यातून ठराविक कोनातलीच जमीन दिसते, पण ती नेमकी आणि अखंड दिसते. तटाच्या आतून जाणारी चालण्याची वाट म्हणजे 'फांजी'. फांजीवरच्या माणसास चारही दिशा मोकळ्या असतात. मात्र तो पूर्वेकडे गेला की पश्चिम उघडी पडते. म्हणून जाणत्या बांधकाऱ्याने एकीवर भिस्त ठेवून दुसरी सोडून दिली, असे सहसा झाले नाही. वेशीच्या रोखाने जंग्या, आणि उरलेल्या भागासाठी फांजी, अशी ती वाटणी होती. आज कॅमेरा बसविणारे कारागीर पुष्कळदा या साध्या वाटणीकडे दुर्लक्ष करतात.

गावगाड्यातील राखणीचा विचार मात्र केवळ भिंतीपाशी थांबत नाही. वेशीवरचा 'येसकर', म्हणजे वेसकर, हा बहुतेक गावांत महार असे. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद डोक्यात ठेवणे, परक्या माणसावर लक्ष ठेवणे, सीमेचे दगड ओळखणे, सरकारी पट्टी पोचविणे ही त्याची कामे. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराच्या या कामांचे वर्णन आहे. गोदाकाठचा हा भाग निजामाकडे असला तरी गावाची घडण मूलतः तीच होती. चोरी झाली असता राखणदाराने पावलांचा 'माग' काढावयाचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत गेला की तेथील राखणदाराने तो आपल्या हाती घ्यावयाचा, आणि न घेतल्यास भरपाईचा बोजा त्या गावावर पडावयाचा. 'माग' हा शब्द 'मार्ग' शब्दापासून आला. येथे पाहणे आणि जबाबदार असणे ही दोन कामे वेगळी नव्हती.

पण या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी तिची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. ज्याच्या डोळ्यांच्या भरवशावर सारे गाव झोपे, त्याची स्वतःची वस्ती वेशीबाहेर होती. ही नोकरी त्याने निवडलेली नव्हती. ती जन्माने त्याच्या गळ्यात पडलेली होती, आणि तिचा मोबदला म्हणजे थोडीशी वतनी जमीन व दारोदार मागून आणलेले बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच दास्याच्या मुळाशी घाव घालण्यासाठी. राखणीचे काम माणसाकडून काढून यंत्राकडे गेल्याबद्दल हळहळणाऱ्याने ही गोष्ट आधी आठवावी.

निजामाच्या राज्यात पहिल्या सालार जंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली. त्यानंतर ठाणे, नाका, चौकीदार, निगराणी हे शब्द कचेरीच्या द्वारे परभणीच्या बोलीत आणखी घट्ट रुजले. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली तरी शब्द हलले नाहीत. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने वंशपरंपरेऐवजी नेमणुकीचा पोलीस पाटील आणला, तरी रात्रीच्या फेरीला लोक 'गस्त'च म्हणत राहिले.

गस्तीच्या अधिकाराचा अतिरेक कोठवर जातो, याचे उदाहरण मराठी इतिहासात ठसठशीत आहे. उत्तर पेशवाईत पुण्याला रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरण्यास बंदी असे, आणि कोतवालाचे लोक गस्त घालीत. घाशीराम कोतवालाच्या अमलात १७९१ साली कोंडून ठेवलेल्या ब्राह्मणांपैकी अनेक जण कोठडीत गुदमरून मेले, आणि क्षुब्ध जमावाने कोतवालास दगडांनी ठार केले. शहरावर डोळा ठेवणाऱ्यावर कोणाचाच डोळा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने परमवीरसिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला, तो या जुन्या उणिवेवरचाच उपाय म्हटला पाहिजे.

भाषेने ही धास्ती एका शब्दात साठवून ठेवली आहे. 'पाळणे' म्हणजे जपणे, वाढविणे. त्याच धातूचा 'पाळत' हा शब्द मात्र चोरून टेहळणी करण्याचा. राखण आपल्या वस्तूची करावयाची. पाळत दुसऱ्या माणसावर ठेवावयाची. धातू एकच, पण एका शब्दाने माणूस निर्धास्त होतो आणि दुसऱ्याने अंग चोरतो. खिळलेल्या कॅमेऱ्याने काय पाहावे, हे तो बसविते वेळी एकदाच ठरते. फिरत्या कॅमेऱ्याच्या बाबतीत ते दररोज, आणि तेही दूर बसलेल्या माणसाच्या बोटाने ठरते. म्हणून राखणीचे रूपांतर पाळतीत होण्याचा संभव त्याच्यात अधिक.

'कॅमेरा' या शब्दाचे कूळही पाहण्यासारखे आहे. लॅटिन 'कामेरा' म्हणजे कमानीचे छत, दालन. तोच शब्द पोर्तुगीजांच्या मुखातून हिंदीत 'कमरा' होऊन आला. परभणीच्या दखनी बोलणाऱ्या घरात 'कमऱ्यात कॅमेरा' असे कोणी म्हणाले, तर एकाच आजीची दोन नातवंडे एका वाक्यात भेटली असे समजावे. घराच्या राखणीसाठी हलता कॅमेरा वापरण्याची कल्पना न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या कृष्णवर्णीय परिचारिकेची. पती अल्बर्ट ब्राउन यांच्यासह तिने १९६६ साली अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी तिला एकस्व मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोके. मोटारीच्या साह्याने कॅमेरा वर-खाली सरकून एकेका भोकातून बाहेर पाही, आणि चित्र आतल्या खोलीत दिसे. उंच माणूस असो की मूल, दोघांचेही तोंड दिसावे हा हेतू. तिची ही भोके आणि गढीची जंगी यांत तत्त्वतः फार अंतर नाही. फरक एवढाच की तेथे डोळाच एका जंगीतून दुसरीत जातो. ही कल्पना कोतवालीतून निघाली नाही. कामाच्या विचित्र वेळांमुळे घरी एकटी राहावी लागणाऱ्या स्त्रीच्या भीतीतून ती निघाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता निवडीसंबंधी. घरासाठी मिळणारा छोटा फिरता कॅमेरा जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरतो आणि वर-खालीही होतो. मात्र चित्र जवळ आणण्याचे त्याचे काम बहुधा आकड्यांचे असते, म्हणजे आहे तेच चित्र ताणून मोठे केले जाते. व्यापारी प्रतीच्या कॅमेऱ्यात भिंगच पुढे-मागे सरकते. त्यामुळे दूरचा चेहरा किंवा गाडीचा क्रमांक खरोखर वाचता येतो. किमतीतील मोठा फरक मुख्यतः येथे आहे. कॅमेऱ्याला ठराविक जागा ठरवून देऊन त्या क्रमाने फिरविण्याची सोय असते. निर्माते तिला 'पॅट्रोल' म्हणतात; मराठीत तिला सरळ गस्त म्हणावे. परंतु गस्तीचा जुना दोष तिलाही आहे. डोळा गोदामाकडे वळला की फाटक उघडे पडते, आणि त्या अर्ध्या मिनिटातले काहीच नोंदले जात नाही. हालचालीचा माग आपोआप घेणारा कॅमेरा तर कुत्र्यामागे वळून चोराकडे पाठ करू शकतो. यास्तव दार, गल्ला आणि फाटक यांवर खिळलेले डोळे असावेत, आणि फिरता कॅमेरा मोकळ्या आवारासाठी घ्यावा, हेच योग्य. एकच कॅमेरा घेण्याची ऐपत असेल तर तो खिळलेला घ्यावा. दुकानाच्या बाबतीत तरी याला अपवाद क्वचितच सापडेल.

मानवत किंवा सेलूच्या जिनिंगचे आवार हे फिरत्या कॅमेऱ्याचे खरे क्षेत्र होय. तेथे चोरीपेक्षा कापसाच्या ढिगाला लागणाऱ्या आगीचे भय मोठे, आणि आवार एवढे विस्तीर्ण की खिळलेले कॅमेरे पुष्कळ लागतील. पण तेथेच कापसाची पेव आणि धूळ मोटारीत व दात्यांत शिरते. फिरणारा भाग झिजतो, आणि एके दिवशी कॅमेरा भिंतीकडे तोंड करून अडकतो. महिनाभर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा पाहिल्यावाचून घेऊ नये. परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखाली तर उष्णता त्याहून कितीतरी अधिक. तेव्हा किती तापमानापर्यंत यंत्र चालते हेही विचारून घ्यावे. वीज गेल्यावर कॅमेरा आणि नोंदयंत्र दोन्ही चालू राहतील अशी बॅटरी हवी. बरीच यंत्रे विजेबरोबर आपली शेवटची दिशा विसरतात, हे विक्रेता सहसा सांगत नाही. शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीसाठी सौर पट्टीवर आणि मोबाइलच्या जाळ्यावर चालणारे कॅमेरे आले आहेत. ज्वारीच्या दिवसांत माळ्यावर बसून गोफण फिरविणाऱ्या जागल्याची जागा ते काही अंशी घेतील. पाखरे मात्र त्यांना भिणार नाहीत. भारतात ९ एप्रिल २०२५ पासून जाळ्यास जोडलेल्या कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची सक्तीची चाचणी लागू झाली. ती उत्तीर्ण केलेला नमुना घेणे, आणि कारखान्याने दिलेला सांकेतिक शब्द पहिल्याच दिवशी बदलणे, ही वेशीचे दार लावून घेण्यासारखीच गोष्ट आहे.

शेजाऱ्याचे अंगण हा पुढचा प्रश्न. परभणीच्या जुन्या गल्ल्यांत माळवदाला माळवद लागून असते. फिरता डोळा सहज दुसऱ्याच्या न्हाणीपर्यंत पोचतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीविषयक अधिनियमातून व्यक्तीने केलेला घरगुती उपयोग वगळलेला आहे. दुकान, जिनिंग किंवा दवाखाना यांना त्या सवलतीचा आसरा घेता येणार नाही. चांगल्या कॅमेऱ्यात ठराविक दिशा कायमची काळी करण्याची सोय असते. ती आहे की नाही हे घेते वेळी पाहावे, आणि शेजाऱ्याला दाखवून ती वापरावी.

अखेर नोंदीचा प्रश्न, आणि त्याचा निकाल परभणीला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातल्या प्रकरणातच लागला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी अधिक ठरले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला असा आक्षेप निघाला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील कॅमेऱ्यांच्या चित्रणावर वाद केंद्रित झाला. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळताना तत्त्व स्पष्ट केले : मूळ यंत्र हजर केले नसेल तर त्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यकच आहे; मात्र सर्व प्रयत्न करूनही संबंधित अधिकारी ते देत नसेल, तर पक्षकाराला त्यातून सूट मिळू शकते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने हे प्रमाणपत्र अधिक काटेकोर केले. जुना राखणदार पंचांसमोर स्वतः उभा राहून माग सांगे. यंत्राच्या वतीने कोणा माणसाला सही करावी लागते. तेव्हा नोंदयंत्राचे घड्याळ बरोबर लावलेले आहे काय, चित्रण किती दिवस राहते, आणि घटना घडताच ते पुसले जाण्यापूर्वी कोण वेगळे काढून ठेवणार, हे कॅमेरा भिंतीवर चढविण्यापूर्वीच ठरलेले असावे.