बास गिटार वायरलेस करताना : केबल काढण्यापूर्वी काय तपासावे?

लग्नाचा मांडव असो, फेस्ताचा रंगमंच असो किंवा कार्निव्हलच्या मिरवणुकीतला चित्ररथ असो. बास गिटार क्षणभर थांबली तरी नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. ड्रम्सच्या ठेक्याला आणि गाण्याच्या स्वराला बांधून ठेवणारे हे वाद्य आजवर एका केबलने ॲम्प्लिफायरशी जोडलेले असे. वायरलेस यंत्रणांच्या किमती उतरल्यामुळे अनेक बॅण्डमधील बासवादक आता ही केबल काढून टाकण्याचा विचार करीत आहेत. मात्र केबल गेली की तिच्या जागी रेडिओ लहरी येतात आणि त्यांचे स्वतःचे प्रश्नही सोबत येतात.

गरज कोणाला?

तियात्रात रंगमंचासमोर बसून वाजविणाऱ्या बासवादकाला जागा सोडावी लागत नाही. त्याच्यासाठी चांगल्या प्रतीची, पाच-सहा मीटर लांबीची केबल हाच सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. लग्नाच्या बॅण्डची गोष्ट निराळी. तेथे वादक वऱ्हाडी मंडळींमध्ये उतरतो, छायाचित्रकार आणि वाढपी केबलवरून ये-जा करतात, कोणीतरी अडखळते आणि जॅक उपटला जातो. चित्ररथावर जागा अपुरी आणि हालचाल सततची असते. अशा ठिकाणी वायरलेसचा खर्च सार्थकी लागतो.

आवाज का बदलतो?

केबल बदलताच आवाज ‘वेगळा’ वाटतो, ही तक्रार काल्पनिक नाही. गिटारच्या केबलमध्ये दर मीटरमागे साधारण १०० पिकोफॅराड धारिता असते. बॅटरी नसलेल्या, म्हणजे पॅसिव्ह बास गिटारच्या पिकअपवर तिचा परिणाम होतो आणि उंच स्वर काहीसे मावळतात. केबल जितकी लांब, तितका हा परिणाम अधिक. ट्रान्समीटर थेट गिटारला जोडला की ही धारिता जवळजवळ नाहीशी होते आणि तारेवरच्या बोटाचा, अंगठ्याच्या फटक्याचा आवाज अधिक धारदार ऐकू येतो. त्यासाठी काही यंत्रणांमध्ये केबलसारखा आवाज देणारी सोय असते. ती नसल्यास गिटारवरील टोनची कळ थोडी खाली आणणे पुरते. ॲक्टिव्ह बासमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही.

बासच्या बाबतीत खालच्या स्वरांची मर्यादा अधिक महत्त्वाची. चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर, तर पाच तारांच्या बासची जाड तार सुमारे ३१ हर्ट्झवर कंप पावते. भाषणाच्या माईकसाठी बनविलेल्या काही यंत्रणा इतके खालचे स्वर पूर्ण क्षमतेने पोहोचवीत नाहीत. म्हणून माहितीपत्रकात खालची मर्यादा ३० हर्ट्झच्या आत आहे की नाही, हे पाहावे. ॲनालॉग यंत्रणेत आवाज पाठविण्यापूर्वी दाबला जातो व पलीकडे पुन्हा फुगविला जातो. जोरकस खर्ज स्वरांवर ही क्रिया कधी कधी ऐकू येते. डिजिटल यंत्रणांना तिची गरज नसते.

डिजिटल यंत्रणेत थोडा उशीर मात्र होतो. अनेक यंत्रणांत तो ३ ते ६ मिलिसेकंद असतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ५ मिलिसेकंदांचा उशीर हा ॲम्प्लिफायरपासून पावणेदोन मीटर दूर उभे राहण्यासारखाच आहे. एवढ्याने ठेका बिघडत नाही. पण डिजिटल मिक्सर आणि कानातले डिजिटल वायरलेस मॉनिटर यांचा उशीर त्यात मिळविला, तर बेरीज बोटांना जाणवू लागते.

कोणत्या लहरी निवडाव्यात?

बाजारातील बहुतेक स्वस्त यंत्रणा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. भारतात हा पट्टा २००५ पासून, तर ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा २०१८ पासून विनापरवाना वापरता येतो. अडचण अशी की वायफाय आणि ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झवरच असतात. शिवाय माणसाचे शरीर या लहरी शोषून घेते. दुपारी रिकाम्या सभागृहात चोख चाललेली यंत्रणा रात्री पाचशे पाहुणे आणि तितकेच मोबाईल जमल्यावर तुटक वाजू लागते, ती याच कारणांनी. ॲनालॉग यंत्रणा अशा वेळी खरखर करून इशारा देते. डिजिटल यंत्रणा बहुधा एकदम गप्प होते. ५.८ गिगाहर्ट्झवर गर्दी तुलनेने कमी असली तरी नवे वायफाय तेथेही पोहोचले आहे, आणि या लहरींना मधला अडथळा अधिक बाधतो.

यूएचएफ लहरी माणसांच्या गर्दीतून अधिक चांगल्या पार होतात. परंतु हा पट्टा सरसकट विनापरवाना नाही आणि प्रत्येक देशाचे नियम निराळे असतात. आखातातून किंवा जहाजावरील नोकरीवरून परतताना आणलेला संच येथे चालेलच असे नाही. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाईल सेवेकडे गेला आहे. त्यावर चालणारा जुना संच स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

विजेचा धक्का : टळलेला आणि न टळलेला

‘स्टोन द क्रोज’ या बॅण्डचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर माईकला हात लागून विजेच्या धक्क्याने मृत्युमुखी पडला. डिसेंबर १९७६ मध्ये फ्लोरिडातील लेकलँड येथे ‘किस’चा एस फ्रेली अर्थिंग नसलेल्या धातूच्या कठड्याला स्पर्श होऊन जबर धक्का बसूनही बचावला. त्यानंतर या बॅण्डने केन शॅफर यांची ‘शॅफर-व्हेगा’ वायरलेस यंत्रणा स्वीकारली.

कारण सोपे आहे. गिटारच्या तारा केबलच्या बाहेरील आवरणातून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायर एका जोडणीवर, मिक्सर दुसऱ्या जोडणीवर आणि त्यांतील एकाचे अर्थिंग सदोष असेल, तर तारांवर हात ठेवून माईकला ओठ लावणाऱ्या गायक-वादकाच्या शरीरातून प्रवाह वाहू शकतो. वायरलेसमुळे गिटारकडून जाणारा हा मार्ग तुटतो. तारेचा माईक, ओली हिरवळ आणि लोखंडी मंच यांच्यातला धोका मात्र तसाच राहतो. म्हणून जनरेटरचे अर्थिंग व ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक स्विच आहे, याची खात्री आयोजकांच्या वायरमनकडून करून घ्यावी. प्लगची तिसरी पिन कधीही काढू नये.

रंगमंचावर जाण्यापूर्वी

रिसीव्हर ॲम्प्लिफायरच्या मागे जमिनीवर ठेवू नये. तो कमरेच्या वर, वादकाच्या नजरेच्या टप्प्यात आणि वायफाय राउटरपासून दूर असावा. पेडल वापरत असल्यास रिसीव्हर त्यांच्या आधी जोडावा. केबलने जेवढा आवाज येत होता तेवढाच वायरलेसने येतो का, हे ध्वनिसंयोजकासोबत पाहावे. ॲक्टिव्ह बासचा सिग्नल जोरदार असल्याने ट्रान्समीटरची पातळी कमी करावी लागते. जेथे जेथे जायचे आहे, तो सारा परिसर वाजवत फिरून पाहावा, शक्यतो पाहुणे आल्यानंतर.

ॲक्टिव्ह बासमध्ये प्लग घातला की तिच्या आतील बॅटरी सुरू होते. त्यामुळे मध्यंतरात ट्रान्समीटर बंद केला तरी तो गिटारलाच राहिल्यास ती बॅटरी उतरत राहते. तो काढून ठेवावा. ट्रान्समीटरची स्वतःची बॅटरी कार्यक्रमाआधी पूर्ण भरलेली असावी.

आणि जुनी केबल घरी ठेवू नये. ती ॲम्प्लिफायरजवळ गुंडाळून, हाताशी ठेवावी. लहरी तुटल्या तर दोन कडव्यांच्या मधल्या संगीतात ती जोडता आली पाहिजे, आणि हा बदल तालमीत दोन-चार वेळा करून पाहिलेला असावा.