पकडीचा हिशेब

सामना चढाईवाला जिंकून देतो, पकडवाला फक्त घर राखतो. हे मत मालवण-कुडाळ-कणकवली पट्ट्यात इतकं मुरलंय की ते कुणी मांडतही नाही, धरूनच चालतात. पोरगा चपळ असला तर त्याला चढाईला पाठवायचं. जरा जड असला, पाय मंद असले, तर कॉर्नरला उभा करायचा. सामना चालू असता अख्खं मैदान 'धर तेका!' म्हणून ओरडतं, पण घरी जाताना चर्चा होते ती कुणी किती गडी मारले याचीच.

या मताची बाजू लंगडी नाही, म्हणून ती आधी नीट मांडतो. एक, गुणफलकावर चढाईचे गुण पकडीच्या गुणांपेक्षा जास्त असतात. दोन, चढाईवाला एकटा सात जणांच्या अंगणात शिरतो, एका दमात दोन-तीन गडी टिपून येऊ शकतो, शिवाय बोनसही घेतो. पकडीला मात्र सहसा एकच गुण. तीन, सहाव्या प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात बंगळुरू बुल्सने ३८ गुण केले, त्यातले २२ एकट्या पवन सेहरावतचे. चार, २०२३ च्या लिलावात याच पवनला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. बाजार मूर्ख नसतो, असं यावर म्हणतात.

आता उत्तर. पहिली गफलत हिशेबाची आहे. समोरचा मुख्य चढाईपटू धरला की फलकावर एक गुण लागतो, पण तो माणूस बाहेर जाऊन बसतो. त्याचा संघ गुण मिळवून त्याला परत आणेपर्यंत चढाया दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या खेळाडूंना कराव्या लागतात. त्या रिकाम्या जातात, तिसऱ्या चढाईची सक्ती अंगावर येते, आणि लोण चढलं तर त्याचे दोन गुण वेगळे. या सगळ्याची सुरुवात ज्या घोटापकडीने झाली तिच्या नावावर मात्र एकच गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला दोन गुण देतात, म्हणजे नियम करणाऱ्यांनाही ही गोष्ट थोडीफार उमगली होती.

त्यातही तो एक गुण एकाच्याच नावावर जातो. कॉर्नरने घोटा धरला, कव्हरने कमरेला मिठी मारली, दुसऱ्या टोकाची साखळी वळून मध्यरेषेची वाट बंद करून बसली, तरी नोंद एकाचीच. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढताना हे कुणाला सांगावं लागत नाही. जाळ्याची दोन्ही टोकं सारख्या लयीत आली नाहीत तर मासळी निसटते, आणि आलेल्या मासळीत ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. कबड्डीच्या गुणपत्रिकेत मात्र तो वाटा नाही.

आता पवनच्या २२ गुणांकडे. एका अंतिम सामन्यावरून नियम काढायचा तर पुढच्याच मोसमाचं काय करायचं? सातव्या मोसमात परदीप नरवालने चढाईत ३०२ गुण केले आणि पाटणा पायरेट्स आठव्या स्थानावर राहिले. अकराव्या मोसमात पाटण्याच्याच देवांकने ३०१ केले. संघ अंतिम फेरीत पोचला आणि हरयाणा स्टीलर्सकडून २३-३२ असा हरला. परदीपच्या गुणांवर पाटण्याने आधी विजेतेपदं मिळवली हे खरंच आहे, पण चौथ्या मोसमात त्या विजेत्या संघाचा कर्णधार होता धर्मराज चेरलाथन, बचावपटू, वय ४१.

सगळ्यात मोठा पुरावा जकार्ताचा. १९९० च्या बीजिंगपासून २०१४ पर्यंत सातही आशियाई स्पर्धांत पुरुषांचं सुवर्ण भारताचं. २०१८ ला संघात अजय ठाकूर, परदीप, राहुल चौधरी, मोनू गोयत, रोहित कुमार आणि आपला रिशांक देवाडिगा, म्हणजे चढाईची जत्राच. उपांत्य फेरीत इराणसमोर ही सगळी फौज मिळून १८ गुणांवर थांबली; इराणचे २७. इराणचा कर्णधार डावा कॉर्नर होता, फझल अत्राचली. त्या पराभवाची खापरं पुष्कळ ठिकाणी फोडली गेली. कॉर्नरची मोजदाद चुकली होती, असं म्हणणारे थोडेच.

बाजाराचं म्हणाल तर तो मूर्ख नसतो हे मला मान्य. म्हणूनच २०२३ च्या त्याच लिलावात मोहम्मदरेझा शादलूवर पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख लावले. यादीत तो अष्टपैलू, पण त्याचं खरं बळ पकडीत. पुण्याने तो मोसम जिंकला आणि अंतिम सामन्याचा निकाल होता २८-२५. एवढ्या कमी गुणांचा सामना कोण ठरवतं, हे वेगळं सांगायला नको.

हा डोळ्यांचा दोष आपलाच नाही. अमेरिकन फुटबॉलमध्येही चेंडू पुढे नेणाऱ्याकडे लोक बघतात. तिथे असोसिएटेड प्रेसचा मोसमातला सर्वात मौल्यवान खेळाडूचा मान बचावपटूंपैकी फक्त दोघांना मिळाला: १९७१ साली अ‍ॅलन पेज आणि १९८६ साली लॉरेन्स टेलर.

उरतो कारकिर्दीचा प्रश्न, आणि गावाकडच्या पोराला खरा तोच भिडतो. लीगमधले चढाईचे सर्वाधिक गुण ज्याच्या नावावर आहेत तो परदीप २०२५ च्या लिलावात विकलाच गेला नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झाला. चेरलाथन ४४ व्या वर्षी हरयाणाचं नेतृत्व करत होता. दोन माणसांवरून सिद्धांत होत नाही हे मी जाणतो. पण कारण उघड आहे. चढाईचं भांडवल म्हणजे गुडघे आणि वेग, आणि ते आधी झिजतात. कॉर्नरचं भांडवल म्हणजे समोरच्याचा पाय कधी जड पडतो हे ओळखणं. ते वयाबरोबर वाढतं. आपल्याकडे खेळातून नोकरी मिळवायची तर काही वर्षं टिकून राहावं लागतं. मग गिरीश एर्नाकसारखा डावा कॉर्नर महाराष्ट्रातून भारतीय संघापर्यंत गेला, हे उदाहरण सिंधुदुर्गातल्या तालमीत का सांगितलं जात नाही?

मंडळांच्या स्पर्धांत 'उत्कृष्ट पकड' असं बक्षीस असतं. गुणलेखकाने पकडीत हात असलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या गड्याचा क्रमांकही शेजारच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली, तर ते बक्षीस कुणाला द्यायचं यावर आयोजकांत बरीच भांडणं होतील. ती भांडणं मला ऐकायची आहेत.