ही आमच्या घरातली गोष्ट आहे



“ही आमच्या घरातली गोष्ट आहे, तुम्ही मध्ये पडू नका.” हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येकीने कधी ना कधी ऐकलंय. शेजारी आरडाओरडा होतो, बाईचं रडणं ऐकू येतं, दोघी-चौघी दारात जातात आणि आतून हेच उत्तर येतं. आज आम्ही या वाक्याचा इतिहास सांगणार आहोत. ते फक्त उंबऱ्यावर बोललं जातं असं नाही. जगातल्या देशांच्या सभेतही ते बोललं गेलं. एकदा आपल्या देशाला ऐकवलं गेलं आणि पुढे आपल्या देशानेच ते दुसऱ्यांना ऐकवलं.

आजचा विषय आहे वर्णभेद. म्हणजे कातडीचा रंग, जन्म, कूळ बघून माणसाला खालचं ठरवणं. शीळफाट्याच्या आसपासच्या आम्ही काही जणींनी हा विषय घ्यायचं ठरवलं, तेव्हा गटातच वाद झाला. एक म्हणाली, “गोऱ्या-काळ्याचं भांडण अमेरिकेतलं, आपल्याकडे कुठे आहे?” दुसरी म्हणाली, “आपल्याकडे जात आहे. तिला जातच म्हणा की. परदेशी नाव कशाला?” तिसरी म्हणाली, “नाव काहीही द्या. हंड्याला हात लावू दिला नाही की दुखणं तेच.” या तिघींचे तीन मुद्दे काही आजचे नाहीत. दीडशे वर्षं मोठमोठी माणसं त्यावर वाद घालत आली आहेत.

सुरुवात आपल्या जोतीरावांपासून करू. १८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं. पुस्तक आपल्याकडच्या शूद्र-अतिशूद्रांच्या हालांवर. पण ते अर्पण केलं कुणाला? अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या माणसांची गुलामी संपवण्यासाठी झीज सोसली, त्यांना. तिथे १८६५ साली कायद्याने गुलामी बंद झाली होती. पुण्यात बसून फुल्यांनी ती बातमी वाचली आणि आपल्या लोकांसाठी त्यातून धडा घेतला. परक्याच्या घरातला अन्याय बघून त्यांनी आपल्या घरात दिवा लावला.

आपला किनाराही काही गुलामीपासून लांब नव्हता. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं कित्येक शतकं जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर विकली जात होती. त्यांना आपण हबशी किंवा सिद्दी म्हणतो. निजामशाहीचा कारभार सांभाळणारा आणि पुढे औरंगाबाद झालेलं खडकी शहर वसवणारा मलिक अंबर लहानपणी असाच विकला गेला होता. तो मोगलांना आवरेना, तेव्हा जहांगीर बादशहा आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या रंगावरून त्याला हिणवत राहिला. लढाईत हरवता येत नाही, मग रंगावर बोट ठेवायचं. ही खोड जुनी आहे.

आता दक्षिण आफ्रिकेकडे जाऊ. तिथे नाताळ नावाचा इंग्रजांचा मुलूख होता. १८६० पासून मद्रास आणि कलकत्त्याच्या बंदरांतून हजारो गरीब माणसं तिथे उसाच्या मळ्यांवर करारावर नेली गेली. बायाही गेल्या. मागोमाग गुजरातेतले व्यापारी गेले. गोरे लोक या सगळ्यांना सारखंच तुच्छ लेखत. १८९३ साली तरुण वकील मोहनदास गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं, ती गोष्ट आपण शाळेत शिकलो.

शाळेत सहसा न सांगितलेली एक गोष्ट मात्र ऐका. डर्बन शहरातल्या पोस्टात दोन दारं होती. एक गोऱ्यांचं, दुसरं आफ्रिकी आणि हिंदी लोकांचं. हिंदी पुढाऱ्यांनी १८९५ च्या सुमारास तक्रार केली, त्यात गांधीजीही होते. तक्रार काय होती? आम्हाला आफ्रिकी लोकांच्या दारातून का जावं लागतं? मग पोस्टाला तिसरं दार झालं. गोऱ्यांचं एक, हिंदींचं एक, आफ्रिकींचं एक. दोन दारांचं एक दार झालं नाही.

गांधीजी पुढे बदलले. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या मंडेलांनी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना वाट दाखवणारा मानलं, हेही खरं. पण आफ्रिकेतली तरुण मुलं आज त्यांचं सुरुवातीचं लिखाण वाचतात आणि प्रश्न विचारतात. २०१८ साली घानाच्या विद्यापीठातून त्यांचा पुतळा हलवावा लागला. त्यावर आपल्याकडे अनेकांना राग आला. आमच्या गटातही दोन मतं होती. पण तिसऱ्या दाराची गोष्ट समजल्यावर एवढं सगळ्यांनी मान्य केलं, की ज्याला खाली ढकललंय तोही आपल्याखाली कुणीतरी शोधतो. सासूचा जाच सोसलेली बाई सासू झाल्यावर काय करते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता त्या वाक्याकडे येऊ. १९४६ साल. आपल्याला स्वातंत्र्य मिळायला अजून वर्षभर अवकाश होता. संयुक्त राष्ट्रसंघ, म्हणजे जगातल्या देशांची मोठी पंचायत, नुकतीच भरू लागली होती. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने कायदा केला, की हिंदी लोकांनी ठरावीक वस्तीबाहेर जमीन-घर घ्यायचं नाही. आपल्या देशाने त्यांच्याशी व्यापार तोडला आणि तक्रार त्या पंचायतीत नेली. बाजू मांडायला उभ्या राहिल्या विजयालक्ष्मी पंडित. नेहरूंची बहीण आणि मराठी घरातली सून. त्या सभेत बायका मोजक्याच होत्या. गोऱ्या सरकारचं उत्तर काय? हा आमच्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे, बाहेरच्यांनी बोलू नये. पंडितबाई म्हणाल्या, माणसाच्या माणूसपणाचा प्रश्न कुणा एकाच्या घरातला नसतो. मतदान झालं आणि दोन तृतीयांश मतांनी आपला ठराव मंजूर झाला. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे.

त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले काळ्या समाजाचे मोठे विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकले होते आणि तिथल्या काळ्या लोकांचं जगणं त्यांनी अभ्यासलं होतं. काळ्या समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं त्यांनी ऐकलं होतं. आपल्या अस्पृश्यांनाही तसं करावं लागेल, म्हणून त्यांनी त्या अर्जाची प्रत मागवली. डु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. म्हणजे बघा, एकाच वर्षी दोन अर्ज. देश परक्या सरकारची तक्रार पंचायतीत नेत होता आणि त्याच देशातला एक माणूस विचार करत होता, की आमची तक्रार कुठे न्यायची?

आता मधली पंचावन्न वर्षं ओलांडू. २००१ साल, शहर तेच डर्बन. दक्षिण आफ्रिका आता स्वतंत्र झालेली. वर्णभेदाविरुद्ध जगाची मोठी परिषद तिथे भरली. भारतातून दलित संघटनांची माणसं गेली, त्यांत बायाही होत्या. मागणी अशी, की जन्मावरून आणि कामावरून होणारा भेदभावही या परिषदेच्या कागदात यावा. आपल्या सरकारने विरोध केला. सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नाही. आमची राज्यघटना आहे, कायदे आहेत, राखीव जागा आहेत, आम्ही आमचं बघून घेऊ. शेवटच्या कागदात जातीचा उल्लेख आला नाही. १९४६ साली आपण जे वाक्य नाकारलं होतं, तेच २००१ साली आपण बोललो.

सरकारच्या बाजूनेही विचार करू, कारण तिथे सगळंच खोटं नव्हतं. आंद्रे बेतेई यांच्यासारखे समाजशास्त्रज्ञ सांगत होते, की माणसांचे वेगवेगळे वंश असतात ही कल्पनाच विज्ञानाने मोडीत काढली आहे. जातीला वंश म्हटलं तर ती चुकीची कल्पना पुन्हा जिवंत होईल. खुद्द बाबासाहेबांनी १९३६ सालच्या आपल्या भाषणात हेच मांडलं होतं. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत, रक्त वेगळं म्हणून जात झाली हे खोटं आहे, असं त्यांचं म्हणणं. फुल्यांना मात्र ब्राह्मण बाहेरून आले असं वाटत होतं. म्हणजे या दोघांचंही एकमत नव्हतं. तरी दोघांनी अमेरिकेकडे बघितलं. कारण त्यांना रक्त मोजायचं नव्हतं. पाण्याला, शाळेला, रस्त्याला, देवळाला कुणाला बंदी आहे, हे त्यांना मोजायचं होतं.

आणखी एक गोष्ट आहे. वर्णभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ साली झाला. त्यात रंग आणि वंश यांच्या जोडीला ‘कूळ-जन्म’ या अर्थाचा शब्द आहे. तो घालायला सुचवलं कुणी? भारतानेच. परक्यासाठी कुलूप घडवलं आणि आपल्या दाराला ते बसू लागलं तेव्हा आपण नको म्हणालो. पुढे २००२ साली त्या कराराची देखरेख करणाऱ्या समितीने सांगितलं, की या शब्दात जातही येते.

मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले होते. केरळात एका शाळेत गेले. तिथली मुलं अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या घरांतली. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, की हे अमेरिकेतून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य. किंग यांनी १९६५ साली एका प्रवचनात सांगितलं, की आधी त्यांना ते ऐकून धक्का बसला, थोडं लागलंही. मग त्यांनी आपल्या लोकांची गरिबी आणि कोंडमारा आठवला आणि स्वतःशी म्हणाले, होय, मी अस्पृश्य आहे. त्या शाळेतल्या मुलांना रंग-वंशाचे सिद्धांत माहीत नव्हते, पण त्यांना तो माणूस आपला वाटला. आपल्या मुंबईतल्या तरुणांनाही तसंच वाटलं. १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी संघटना काढली, तिला अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून ‘दलित पँथर’ नाव दिलं.

आता जवळच्या काळातल्या दोन घटना बघा. २००७ साली विलायतेतल्या टीव्हीच्या एका कार्यक्रमात शिल्पा शेट्टीला टाकून बोललं गेलं. आपल्याकडे लोक चिडले, पुतळे जाळले, मंत्रीही बोलले. तिकडच्याच प्रेक्षकांनी चाळीस हजारांवर तक्रारी केल्या. अनेकांनी त्याला वर्णद्वेष म्हटलं आणि ते बरोबरच होतं. दहा वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारलं. आफ्रिकेच्या राजदूतांनी मिळून त्याला वर्णद्वेष म्हटलं. तेव्हा आपलं सरकार म्हणालं, हा गुन्हा आहे, तपास चालू आहे, वर्णद्वेष म्हणू नका. आपल्या मुलीला लागलं तेव्हा नाव चटकन सापडलं. दुसऱ्याच्या मुलाला लागलं तेव्हा आपण शब्दाचा काथ्याकूट केला.

आता आपल्या फाट्यावर या. मुंब्रा, कल्याण, पनवेल, महापे, चारी बाजूंचे रस्ते इथे मिळतात. आगरी-कोळी गावं, मुसलमान वस्त्या, उत्तरेकडून आलेले मजूर, देशावरची कुटुंबं, वीटभट्टीवरच्या कातकरी बाया. खोली भाड्याने देताना आपण काय विचारतो? कातकरी बाईला चहा कुठल्या कपात देतो? विठ्ठलाला सावळा म्हणताना जीव भरून येतो आणि सून बघायला गेलो की “मुलगी गोरी पाहिजे”. मुलगी सावळी असली की हुंड्याचं बोलणं वर चढतं. ‘फेअर अँड लव्हली’ क्रीम १९७५ पासून आपल्या घरांत होतं. अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मेला, जगभर मोर्चे निघाले, तेव्हा २०२० साली त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेलं. डबीवरचं नाव बदललं. बघायला आलेल्या पाहुण्यांची नजर बदलायचं काम आपलं आहे.

मैत्रिणींनो, “घरातली गोष्ट” या वाक्याला आपण बायांनी एकदा हरवलेलं आहे. १९८३ साली सासरच्या छळाला गुन्हा मानणारं कलम आलं. २००५ साली घरातल्या हिंसेपासून संरक्षणाचा कायदा झाला. तेव्हाही म्हणत होते, घरं मोडतील, बाहेरच्यांनी लक्ष घालू नये. पण मार खाणाऱ्या बाईला बाहेरचं कुणी आल्याशिवाय सुटका नव्हती, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मग जिला जातीवरून, रंगावरून, प्रांतावरून मागे ढकललं जातं, तिला आपण कुठल्या तोंडाने सांगायचं, की बाहेर बोलू नकोस?

नावावरून वाद होऊ द्या. वंश म्हणा, जात म्हणा, रंग म्हणा. पण दुखतं कुठे, हे जिला लागलंय तिला आधी विचारा.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी:

आपल्या गावात पाण्याला, खोलीला, लग्नाला कुणाला अजून वेगळं दार आहे का?

आपल्यावर अन्याय झाला तेव्हा आपण जो शब्द वापरला, तोच शब्द आपण दुसरीसाठी वापरतो का?

आपल्या गटात कातकरी बाया आहेत का? नसतील तर पुढच्या बैठकीला त्यांना बोलवायला कोण जाणार, ते आजच ठरवा.