मृदा-प्रदूषण, जड धातूंचे (धाराशिव जिल्हा)

मृदा-प्रदूषण, जड धातूंचे : ज्या धातूंची घनता पाण्याच्या सुमारे पाचपट किंवा त्याहून अधिक असते त्यांना सामान्यतः जड धातू म्हणतात. शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त इत्यादींचा त्यांत समावेश होतो. आर्सेनिक हे खऱ्या अर्थाने धातू नसले, तरी विषारी गुणधर्मांमुळे तेही याच वर्गात धरले जाते. ही व्याख्या फारशी काटेकोर नाही; कारण तांबे व जस्त ही मूलद्रव्ये वनस्पती व प्राणी यांना अल्प प्रमाणात अत्यावश्यक असतात, तर शिसे व पारा यांचे मानवी शरीरात कोणतेही उपयुक्त कार्य आढळलेले नाही. सेंद्रिय विषद्रव्याचे सूक्ष्मजीव कालांतराने विघटन करतात. धातू हा मूलद्रव्यरूप असल्याने त्याचे विघटन होत नाही. तो एका संयुगातून दुसऱ्या संयुगात जातो एवढेच. त्यामुळे मृदेतील धातूंचा इतिहास हा साठत जाण्याचा इतिहास असतो.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात धातूंच्या खाणी वा धातुक प्रद्रावणाच्या मोठ्या भट्ट्या नाहीत. तरीही या प्रश्नाच्या अभ्यासाला हा जिल्हा सोईचा आहे. येथील खडकातच काही जड धातू विपुल आहेत, येथील एका नगरीचा दूरदेशीच्या धातु-व्यापाराशी दोन हजार वर्षांपूर्वी संबंध होता आणि अलीकडची भर लहानलहान उगमांतून, सहसा कोणाच्या लक्षात न येता पडत आली आहे.

खडक व माती : बालाघाटच्या डोंगररांगा व त्यांच्या दोन्ही बाजूंचा प्रदेश दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. ट्युरेकिअन व वेडेपोल यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकानुसार बेसाल्टी खडकांत दर किलोग्रॅममागे सरासरी १७० मिलिग्रॅम क्रोमियम, १३० मिग्रॅ. निकेल, १०५ मिग्रॅ. जस्त व ८७ मिग्रॅ. तांबे असते, शिसे मात्र केवळ ६ मिग्रॅ. व कॅडमियम ०·२२ मिग्रॅ. एवढेच असते. अशा खडकाच्या अपक्षयाने झालेल्या काळ्या मातीत पहिले चार धातू स्वभावतःच अधिक सापडतात. यूरोपीय आर्थिक समुदायाने सांडपाण्याचा गाळ शेतात घालण्यासंबंधी १९८६ मध्ये जो निर्देश काढला, त्यात मृदेतील निकेलची मर्यादा किलोग्रॅमला ३० ते ७५ मिग्रॅ. व तांब्याची ५० ते १४० मिग्रॅ. ठरविली आहे. तो मापदंड दख्खनच्या मातीला जसाच्या तसा लावल्यास कारखान्याचा धूर कधीही न पाहिलेले शिवारही प्रदूषित ठरू शकेल. याउलट शिसे व कॅडमियम हे मूळ खडकात अत्यल्प असल्याने त्यांची वाढ आढळली, तर ती बहुधा बाहेरून आलेली समजावी. परकी कोष्टके उतरवून घेण्यापूर्वी हा भेद ध्यानात घेतला पाहिजे. तो पुष्कळदा घेतला जात नाही.

एकूण धातू आणि पिकाला उपलब्ध होणारा धातू यांतही मोठे अंतर असते. काळी माती चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असून तिच्यातील माँटमोरिलोनाइट गटातील मृत्तिका-खनिजे धन-आयन घट्ट धरून ठेवतात. शिसे, कॅडमियम, जस्त इत्यादींची अविद्राव्य कार्बोनेटे व हायड्रॉक्साइडे बनतात व ते मुळांना सहज मिळत नाहीत. परिणामी पुरेसे एकूण जस्त असलेल्या जमिनीवरही पिकांत जस्ताची कमतरता दिसते आणि शेतकऱ्याला झिंक सल्फेट विकत आणून टाकावे लागते. मृदेच्या या गुणाचे संरक्षण सर्व धातूंना लागू नाही. षट्संयुजी क्रोमियम व आर्सेनिक हे ऋण-आयनांच्या रूपात असल्याने अल्कधर्मी मातीत उलट अधिक चलनशील होतात. शिवाय उन्हाळ्यात काळ्या जमिनीला खोल भेगा पडतात. पृष्ठभागावरील माती त्यांत पडते आणि पहिल्या पावसाचे पाणीही मृत्तिकेशी फारसा संपर्क न येता थेट खाली उतरते. म्हणून वरच्या वीतभर थराचे परीक्षण येथे पुरेसे मानता येत नाही.

प्राचीन काळ : तेरणा नदीकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे सांगून तेथील सुती कापड व मलमल गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या त्याच ग्रंथातील यादीत तांबे, कथील, शिसे, सुरमा व मनशीळ यांची नावे आढळतात. मनशीळ म्हणजे आर्सेनिकाचे सल्फाइड. शिशाच्या बदल्यात भारत रत्ने व मोती देतो, असे प्लिनीने (इ. स. २३–७९) म्हटले आहे. हे विधान शब्दशः खरे नाही, कारण राजस्थानात जावर येथे शिसे व जस्त यांच्या प्राचीन खाणी आहेत. पण दख्खनच्या बेसाल्टात शिसे मिळत नव्हते हे खरे, आणि तरीही सातवाहनांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. तेरच्या टेकाडांत सातवाहनकालीन नाणी व इतर अवशेष सापडले असून त्यांतील पुष्कळसे तेथील शासकीय वस्तुसंग्रहालयात आहेत. याच शतकांत रोमन साम्राज्यातील भट्ट्यांमधून निघालेल्या शिशाचा अंश ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत आढळला आहे. म्हणजे तगरच्या बाजारातील नाणे आणि जगातील पहिले दूरवर पसरलेले धातु-प्रदूषण ही एकाच काळातील घटना होय.

जुन्या वस्त्यांची टेकाडे, म्हणजे ‘पांढरी’, राख, शेण, हाडे व कुजलेले पदार्थ यांनी बनलेली असतात. तिची भुरकट माती खणून गाड्या भरभरून शेतात टाकण्याची चाल दख्खनमध्ये सर्वत्र होती. पुरातत्त्वज्ञांनी याबद्दल हळहळ व्यक्त केली, ती अवशेष नष्ट होतात म्हणून. मृदाशास्त्राच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व वेगळे आहे : वस्तीत साठलेले फॉस्फरस व त्याबरोबर आलेले तांब्या-शिशाचे कण असे दोन्ही या वाटेने शिवारात पसरत.

पुढील काळातील भर मर्यादित होती. परांडा व नळदुर्ग येथील किल्ल्यांत तोफा व शिशाच्या गोळ्या यांचा वापर झाला. गावोगाव तांब्या-पितळेची भांडी घडविली जात. घरगुती व्यवहारातील शिशाचे दोन उगम विशेष उल्लेखनीय आहेत. देवदेवतांच्या दगडांना फासला जाणारा शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड होय. तसेच कल्हईच्या कथिलात स्वस्त शिसे मिसळले जाई.

आधुनिक काळ : १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत व त्यानंतरही काही वर्षे येथील शेती जवळजवळ पूर्णतः शेणखतावर चालत असे. सुधारित बियाणी, विहिरींवरील पंप व साखर कारखाने यांच्याबरोबर स्फुरदयुक्त खते आली. गाळाच्या खडकांपासून मिळणाऱ्या फॉस्फेट खनिजात कॅडमियम असते व ते खतात उतरते. दरवर्षीची भर फारच थोडी असते, पण ती परत जात नाही. द्राक्षबागांत केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद व चुना, फवारले जाते. मिलार्दे यांनी ते फ्रान्समध्ये १८८५ साली प्रसिद्ध केले. तेथील जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत तांबे किलोग्रॅमला कित्येक शेकडा मिग्रॅ. पर्यंत साचल्याचे आढळले आहे. धाराशिव जिल्ह्यातील बागा तेवढ्या जुन्या नाहीत, मात्र येथील मातीत मुळातच तांबे कमी नाही.

जिल्ह्यातून सोलापूर–छत्रपती संभाजीनगर व मुंबई–हैदराबाद हे दोन मोठे महामार्ग जातात. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री भारतात २००० साली बंद झाली. तत्पूर्वीच्या दशकांत वाहनांतून बाहेर पडलेले शिसे रस्त्यालगतच्या मातीत बसले व ते अद्याप तेथेच असावयाचे. वीजटंचाईच्या वर्षांत घरोघरी व दुकानोदुकानी शिसे-अम्ल विद्युत् घटमाला, म्हणजे नेहमीच्या बोलीतील बॅटऱ्या, आल्या. निकामी बॅटरी फोडून शिसे उघड्यावर वितळविल्यास सभोवारची जमीन थोड्याच दिवसांत जितकी दूषित होते, तितकी ती खतांमुळे शतकभरातही होणार नाही. अशा बॅटऱ्यांसंबंधी २००१ व २०२२ मध्ये केंद्र शासनाने नियम केले.

पांढरीच्या जुन्या चालीचे नवे रूप म्हणजे तलावातील गाळ. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केली. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या या जिल्ह्याला ती उपकारक आहे. शेतांतून वाहून गेलेली माती शेतांत परत येते, त्यात धोका नाही. परंतु ज्या तलावात नगराचे सांडपाणी वा कारखान्याचे पाणी येते, त्याचा गाळ हा धातूंचाही साठा असतो. कारण पाण्यातील धातू बारीक गाळालाच चिकटून तळाशी बसतात. कल्याणजवळच्या काळू नदीतील पाऱ्याच्या प्रदूषणाने हे महाराष्ट्राला पूर्वीच दाखवून दिले होते.

आरोग्यावरील परिणाम : धातू शरीरात अन्न, पाणी व धूळ या मार्गांनी जातात. मातीत खेळणारी मुले थोडी माती गिळतातच आणि त्यांच्या आतड्यांतून शिशाचे शोषण प्रौढांच्या मानाने कितीतरी अधिक होते. शिशामुळे मेंदूच्या विकासावर परिणाम होतो. त्याची सुरक्षित मात्रा माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. शरीरातील शिसे हाडांत कॅल्शियमाच्या जागी साठते व गर्भारपणात पुन्हा रक्तात येते. म्हणजे आईच्या बालपणातील धूळ मुलाच्या वाट्याला येऊ शकते. कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे टिकते. जपानमध्ये तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या पाण्यावर पिकविलेल्या भातातून त्याची बाधा होऊन हाडे ठिसूळ झाली. या रोगाला रुग्णांच्या वेदनोद्गारांवरून ‘इताई-इताई’ हे नाव पडले. १९६८ साली जपान शासनाने त्याचे कारण प्रदूषण असल्याचे मान्य केले व १९७० मध्ये शेतजमिनीच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा केला. बाधितांत बहुसंख्य वयस्क, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया होत्या.

ही शेवटची गोष्ट मराठवाड्याच्या संदर्भात महत्त्वाची आहे. लोह व कॅल्शियम यांची उणीव असलेल्या शरीरात कॅडमियम व शिसे अधिक शोषले जातात आणि रक्तक्षय हा येथील स्त्रियांचा नेहमीचा विकार आहे. जमिनीचेही तसेच आहे. जस्ताची कमतरता असलेल्या मातीतून पिके कॅडमियम अधिक उचलतात. सिंचनाच्या खाऱ्या पाण्यातील क्लोराइडामुळे हे शोषण आणखी वाढते. सोयाबीन हे आता जिल्ह्यातील खरिपाचे प्रमुख पीक असून तृणधान्यांच्या तुलनेने ते कॅडमियम अधिक घेते. चरताना जनावरांच्या पोटातही माती जाते. उन्हाळ्यात खुरट्या गवतावर चरणाऱ्या शेळ्यांच्या बाबतीत हे प्रमाण वाढते. उस्मानाबादी जातीची शेळी मांसासाठी प्रसिद्ध असल्याने, आणि शिसे व कॅडमियम यकृत व मूत्रपिंडात साठत असल्याने, दूषित जागा चराईतून वगळणे आवश्यक ठरते.

परीक्षण व उपाय : २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासल्या जातात. त्यांत जस्त, तांबे, लोह व मँगॅनीज आहेत; शिसे, कॅडमियम व पारा नाहीत. परीक्षणाचा रोख पिकाला काय कमी पडते हे पाहण्याचा आहे, काय अधिक झाले हे पाहण्याचा नाही. खत नियंत्रण आदेशाने मात्र शहरी कचऱ्याच्या कंपोस्ट खताला किलोग्रॅममागे कॅडमियमाची ५ मिग्रॅ. व शिशाची १०० मिग्रॅ. अशी मर्यादा घातली आहे. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासंबंधीचे स्वतंत्र नियम भारतात २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

अम्लधर्मी जमिनीत चुना घालून धातू अविद्राव्य करता येतात. मुळातच चुनखडीयुक्त असलेल्या काळ्या मातीत त्या उपायाला फारसा वाव नाही. येथे शेणखताने सेंद्रिय अंश वाढविणे, जस्ताची कमतरता भरून काढणे, पालेभाज्या संशयित जागेवर न लावणे व गाळ उचलण्यापूर्वी त्याचा नमुना तपासणे हे उपाय अधिक व्यवहार्य होत. धातू शोषणाऱ्या वनस्पती लावून जमीन स्वच्छ करण्याचे प्रयोग झाले आहेत. त्याला पुष्कळ वर्षे लागतात आणि कापलेल्या पिकाची विल्हेवाट हा प्रश्न उरतोच. बॅटऱ्या वितळविलेल्या जागेवरील माती मात्र खणून काढून सुरक्षित ठिकाणी पुरण्याला पर्याय नाही.